'अडॉप्टिव्हुस' म्हणजे दत्तकच का?

आठव्या शतकातल्या स्पेनमधल्या वादाबद्दल वाचते आहे. टोलेडोचा आर्चबिशप एलिपांडुस म्हणतो, ख्रिस्त देव म्हणून पित्याचा औरस पुत्र, पण माणूस म्हणून लॅटिनमध्ये 'फिलिउस अडॉप्टिव्हुस'. वहीत 'दत्तक पुत्र' लिहिलं, पण मन घेईना. दुसरा शब्द आहे का?

▪ ताई, मन घेत नाही याला कारण आहे. 'दत्तक' हा 'दा' धातूवरून आला. दत्त, म्हणजे दिलेला. आपल्या दत्तकविधानात जन्मदात्यांनी मूल दुसऱ्याच्या ओटीत घालावं लागतं, देणारा नसेल तर दत्तकही नाही. लॅटिन शब्दाच्या पोटात मात्र 'ओप्तारे' आहे, निवडणं. तिथे घेणाऱ्याची इच्छा बोलते. मनुस्मृतीच्या बारा पुत्रांतला 'कृत्रिम' अर्थाने जवळचा: गुण पाहून घेणाऱ्याने आपला केलेला. पण आज 'कृत्रिम' म्हणजे खोटा, त्यामुळे तो बाद. 'मानसपुत्र' तर फारच मऊ, त्यात हक्काचा, वारशाचा भाग नाही.

मी 'दत्तक'च ठेवेन. कारण विरोधकांचा सगळा घाव त्याच अर्थावर आहे. फ्रँकांचा राजा शार्लमेनने ७९४ साली फ्रँकफर्टला बोलावलेल्या धर्मसभेचं म्हणणं असं की परका असतो त्यालाच दत्तक घेतात, मग ख्रिस्त पित्याला परका होता का? मराठीत हे लगेच कळतं. पोटच्या पोराला कोणी दत्तक घेतं का? ७९९ मध्ये आखेनला शार्लमेनच्या दरबारातल्या विद्वान आल्क्विनने एलिपांडुसच्या बाजूच्या उर्हेलच्या बिशप फेलिक्सशी सहा दिवस वाद घातला. फेलिक्सने माघार घेतली आणि पुढचं आयुष्य ल्योंला नजरकैदेत काढलं. टोलेडो मुस्लिम अमलाखाली, तिथे शार्लमेनचा हात पोचत नव्हता. एलिपांडुस शेवटपर्यंत मागे हटला नाही.

मला त्याची तळमळ खरी वाटते. मराठी बायबलात रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात 'दत्तकपणाचा आत्मा' आहे. आपण सगळे दत्तक, मग आपला थोरला भाऊ आपल्यासारखा नको का, हा त्याचा प्रश्न होता.

▪ दादांशी सहमत, पण या मताला देतात ते 'दत्तकवाद' हे नाव जपून वापरा. तिसऱ्या शतकातल्या सामोसाटाच्या बिशप पौलाच्या मतालाही तेच लावतात. त्याच्या मते येशू मुळात माणूसच. एलिपांडुस ख्रिस्ताचं देवपण कुठेच नाकारत नाही. 'स्पॅनिश दत्तकवाद' असं लिहावं.

▪ दोघांचे आभार. 'दत्तक' ठेवते. फेलिक्सचा 'नुंकुपातिव्हुस' राहिला. ख्रिस्ताच्या मनुष्यत्वाला तो 'देउस नुंकुपातिव्हुस' म्हणतो. 'नाममात्र देव' चालेल?

▪ नको. 'नाममात्र'मध्ये हेटाळणी आहे, 'नाममात्र भाडं' म्हणतो तशी. मूळ शब्दाचा अर्थ नाव घेऊन जाहीर केलेला. 'देव म्हणवलेला' लिहा.