‘प्रभात’ शांतारामबापू गेले म्हणून बंद पडली का?

कर्वेरोडकर

प्रभात फिल्म कंपनीचा विषय निघाला की गाडी ठरलेल्या रुळावरून जाते. शांतारामबापू (दिग्दर्शक व्ही. शांताराम) होते तोवर प्रभात होती, १९४२ साली त्यांनी राजकमल ही स्वतःची चित्रसंस्था काढली आणि प्रभात आटोपली. घरोघरी हेच ऐकू येतं. मला हे पटत नाही. कंपनी पाच जणांची होती आणि तिच्या मोठेपणाचं कारणही तेच होतं.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात दामले, फत्तेलाल, शांतारामबापू आणि केशवराव धायबर हे चौघं बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडून उभे राहिले. पैशाची बाजू सीतारामपंत कुलकर्ण्यांनी सांभाळली. चौघांपैकी प्रत्येकाच्या हातात एकेक कसब होतं. दामल्यांकडे यंत्रं आणि पुढे ध्वनी, फत्तेलालांकडे नेपथ्य, धायबरांकडे कॅमेरा, शांतारामबापूंकडे दिग्दर्शन. बाहेरचा शेटजी नाही, त्यामुळे कुठला विषय करायचा हे ठरवायला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नव्हतं. एकोणतीस साली ‘गोपालकृष्ण’ हा मूकपट आणि बत्तीस साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट. मधल्या तीन वर्षांत ही माणसं मूकपटातून बोलपटात आली, ती आपल्याच हिमतीवर.

आता मुद्द्याचं. ‘संत तुकाराम’ शांतारामबापूंचा नाही. दिग्दर्शन दामले-फत्तेलालांचं, कथा-पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं. १९३६ च्या डिसेंबरात मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात लागला तो सत्तावन्न आठवडे चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात जगातल्या निवडक तीन चित्रपटांत गणला गेला. पागनिसांचा तुकाराम सगळ्यांच्या लक्षात असतो, पण मला जास्त थोर वाटते ती गौरीबाईंची जिजाई. कंपनीत किरकोळ कामं करता करता पडद्यावर आलेली ही बाई. घरात दाणा नाही, पोर तापानं फणफणलंय आणि ती थेट देवळात जाऊन पांडुरंगालाच जाब विचारते. तिथे अभिनयाची कसलीही नाटकी खूण दिसत नाही. हा चित्रपट ज्या कंपनीला करता आला, ती एका माणसावर उभी होती असं कसं म्हणायचं?

माझ्या मते प्रभात बंद पडली ती काळ बदलला म्हणून. महायुद्धात कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आलं. युद्धाचा झटपट पैसा या धंद्यात शिरला आणि नट-नट्यांना महिन्याच्या पगारापेक्षा चित्रपटागणिक रक्कम परवडू लागली. सगळा गोतावळा पगारावर सांभाळणाऱ्या कंपनीचा हिशेबच कोलमडला. कलकत्त्याची न्यू थिएटर्स आणि मालाडची बॉम्बे टॉकीजही त्याच दहा-बारा वर्षांत संपल्या. तिथे शांतारामबापू नव्हते.

संकलक

सहमत नाही. ‘तुकाराम’ महान आहे, त्यावर वाद नाही. पण एका चित्रपटावरून कंपनीचा गाडा कोण ओढत होता हे ठरत नाही. ‘अमृतमंथन’, ‘अमरज्योती’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ ही १९३४ ते १९४१ मधली यादी बघा. सगळे शांतारामबापूंचे. विषय दरवेळी नवा आणि धोका दरवेळी मोठा. ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही. सदतीस साली, गाण्याबजावण्यावर जीव टाकणाऱ्या प्रेक्षकांसमोर हा निर्णय घ्यायला छाती लागते. जरठ-कुमारी विवाहाची गोष्ट, आणि त्यात शांता आपटेंची नीरा नवऱ्याला नवरा मानायलाच तयार नाही. ‘शेजारी’ हिंदीत केला तेव्हा हिंदू म्हाताऱ्याच्या भूमिकेत मजहर खान आणि मुसलमान म्हाताऱ्याच्या भूमिकेत गजानन जागीरदार. चाळीस-एक्केचाळीसच्या तापलेल्या हवेत!

१९४२ नंतर काय? ‘रामशास्त्री’ (१९४४) सोडला तर नाव घ्यावं असं फार थोडं. काळ तर दोघांचाही तोच होता ना? त्याच युद्धात, त्याच फिल्मटंचाईत शांतारामबापूंनी परळला राजकमल उभी केली आणि ‘शकुंतला’पासून सुरुवात केली. ती टिकली. मग काळाला दोष कसा देता?

कर्वेरोडकर

@संकलक, राजकमलचा मुद्दा वजनदार आहे. पण राजकमल एका मालकाची होती. तिथे निर्णय एकाचा, जोखीम एकाची. प्रभातमध्ये धायबर १९३० च्या दशकातच बाहेर पडले, बेचाळीसमध्ये शांतारामबापू, आणि १९४५ साली दामले वारले. तीनेक वर्षांत दोन मोठे खांब. कुठली भागीदारी हे झेलेल? आणि ‘रामशास्त्री’ शांतारामबापू नसताना झाला, हे तुम्हीच सांगितलंत.

करवीरकर

दोघंही पुण्यातूनच बोलताय म्हणून सांगतो. प्रभातचा इतिहास १९२९ ला सुरू होत नाही. बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा कोल्हापुरात घडवला, विलायतेहून आणलेला नव्हे. दामले, फत्तेलाल, शांतारामबापू, धायबर चौघंही त्याच तालमीत तयार झाले. पडदे रंगवण्यापासून रिळं धुण्यापर्यंत सगळं हातानं करायची सवय तिथली. प्रभातचं जे वेगळेपण तुम्ही सांगताय ते कोल्हापूरचं आहे.

आणि १९३३ मध्ये कंपनी पुण्याला नेली तेव्हा आमच्याकडच्या कारागिरांच्या दोन पिढ्या उघड्या पडल्या, हे कुणी बोलत नाही. दरबाराच्या पाठबळानं कोल्हापूर सिनेटोन निघाली, तीच पुढे भालजी पेंढारकरांच्या हाती जयप्रभा स्टुडिओ झाली, म्हणून शहराचं नाव राहिलं. माझं स्पष्ट मत आहे : प्रभातची मुळं तेव्हाच उपटली गेली. पुण्यात मोठी जागा मिळाली, मोठा फ्लोअर मिळाला, पण खर्चही त्याच मापात वाढला. मोठा स्टुडिओ रिकामा ठेवता येत नाही. तो चालू ठेवायचा म्हणून चित्रपट काढावे लागतात.

मीनल_डोंबिवली

@करवीरकर, शेवटच्या दोन वाक्यांशी पूर्ण सहमत, आधीच्याशी नाही. कोल्हापुरात राहून ‘अमृतमंथन’ झाला असता असं मला वाटत नाही. बोलपटाला आवाजबंद जागा हवी, भरवशाची वीज हवी, मुंबई जवळ हवी. ‘सैरंध्री’चंच उदाहरण घ्या. १९३३ साली रंगीत चित्रपट करायचं धाडस केलं, रंगप्रक्रियेसाठी जर्मनी गाठावी लागली, आणि रंग मनासारखे आले नाहीत ते नाहीतच. ती शिकवणी महाग पडली. पुढचं सगळं स्वतःच्या आवारात व्हावं असं त्यांना वाटलं असेल तर त्यात चूक काय?

फत्तेलालांबद्दल मात्र या धाग्यावर अजून कुणी धड लिहिलं नाही. ‘तुकाराम’मधलं देहू डोळ्यांसमोर आणा. भिंती सारवल्यासारख्या दिसतात, अंगण वापरातलं वाटतं, देऊळ आजूबाजूच्या घरांच्या मापाचं आहे. पौराणिक चित्रपटांतले पुठ्ठ्याचे महाल पाहिलेल्या प्रेक्षकाला हे गाव आपलं वाटलं, म्हणून शेवटचं विमानही त्यानं खरं मानलं. एक मुसलमान चित्रकार वारकऱ्यांचं देहू उभं करतो आणि महाराष्ट्र ते डोळे मिटून स्वीकारतो. श्रेयाच्या भांडणात साहेबमामा फत्तेलाल मागेच राहतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पेटीवाला

गाण्यांबद्दल एक भर. ‘आधी बीज एकले’ हा अभंग तुकोबांचा नाही, शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेला आहे. अजून कित्येक जण तो गाथेतला समजून भजनात म्हणतात. पगारी कवी, पगारी संगीतकार, रोज एकाच आवारात उठबस, त्यातूनच असं काम होतं. ‘स्वतंत्र’ निर्मिती म्हणजे सगळ्यांना मोकळं सोडणं हे आजचं समीकरण मला चुकीचं वाटतं. प्रभात स्वतंत्र होती ती माणसं बांधून ठेवल्यामुळे.

संकलक

@पेटीवाला, बांधून ठेवण्याची दुसरी बाजूही आहे. बांधलेला माणूस मोठा झाला की त्याला जागा द्यावी लागते. प्रभातची भागीदारी मूळ पाच जणांची. नट, कवी, छायालेखक कितीही मोठा झाला तरी पगारदारच. भागीदार गेले तेव्हा मालकीत दुसरी फळी नव्हती. १९४६ च्या ‘हम एक हैं’मधून देव आनंद पहिल्यांदा पडद्यावर आला तो प्रभातमधूनच, गुरुदत्तही त्याच आवारात नृत्यदिग्दर्शन करत होता. पुढे दोघांनी आपापल्या कंपन्या काढल्या त्या मुंबईत. अशा मुलांना पुण्यात धरून ठेवण्यासारखं प्रभातकडे काही उरलं नव्हतं.

@कर्वेरोडकर, काळ आणि युद्ध मी नाकारत नाही. पण शांतारामबापू असते तर ही दुसरी फळी त्यांनी घडवली असती, असं मला वाटतं.

कर्वेरोडकर

दुसऱ्या फळीचं म्हणणं शंभर टक्के मान्य, आणि माझ्या मूळ लेखात ते यायला हवं होतं. शेवटच्या वाक्याशी नाही. राजकमलमध्ये त्यांच्या तोडीचा दुसरा दिग्दर्शक उभा राहिला का? ‘तुकाराम’सारखा चित्रपट करायला दामले-फत्तेलालांना मोकळीक मिळाली ती पाच समान मालकांच्या कंपनीत. एकाच्या कंपनीत ती मिळाली असती असं मला वाटत नाही.

मीनल_डोंबिवली

वाद चालू द्या, पण एक गोष्ट इथे नोंदवून ठेवते. त्रेपन्नच्या सुमारास कंपनी बंद झाली, १९६० साली त्याच आवारात सरकारची फिल्म संस्था आली, म्हणून निदान वास्तू राहिली. चित्रपटांचे हक्क दामल्यांचे चिरंजीव अनंतरावांनी खटपट करून पुन्हा मिळवले, म्हणून आपण आज ‘कुंकू’ आणि ‘शेजारी’वर भांडू शकतो. आणि २००३ साली पुण्यात जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली त्यात प्रभातची मूळ रिळंही गेली. उरलेल्या प्रतींचं डिजिटल जतन नीट होतंय का, चांगल्या प्रती लोकांना बघायला कुठे मिळतात, यावर कुणाला नेमकी माहिती असेल तर कृपया लिहा. मला ‘माणूस’ची स्वच्छ प्रत हवी आहे, पुसट आवाजाची नको.