मदत हवी आहे: आठवी ते दहावीच्या मुलांना काय वाचायला द्यावं?

नमस्कार मंडळी. आमचं तालुक्याच्या गावातलं ‘क’ वर्गाचं, म्हणजे सरकारी दर्जावारीत खालच्या श्रेणीतलं, वाचनालय. बालविभागात फास्टर फेणे, परीकथा. शेजारच्या कपाटात थेट जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या. मधल्या वयाला काहीच नाही. परवा नववीतली एक मुलगी दोन्ही कपाटं चाळून म्हणाली, “काका, आमचं कपाट कुठलं?” मी गप्पच.

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ तेवढी सारखी फिरते. बांधणी उसवलीय, शेवटची पानं मी दाभणाने शिवलीत. पण एका कादंबरीवर किती दिवस काढणार?

यंदा पंधरा-वीसच पुस्तकं घेता येतील. मराठीतली, मूळ किंवा अनुवादित, कुठली घेऊ? उपदेशाची नकोत, ती आधीच धूळ खातायत. आणि दहावी आली की कार्ड बंद करायला येणाऱ्या पालकांना तुम्ही काय सांगता?