रस्त्यावरची बाईक कच्च्या वाटेला नेताना: आधी टायर की आधी शॉकअप?

मातीवाट

एकच प्रश्न हल्ली या मंचावर वारंवार कानावर येतो: "साधी रस्त्यावरची बाईक आहे, कच्च्या रस्त्यांनी चार-पाच दिवसांची भटकंती करायची आहे, ही विकून अ‍ॅडव्हेंचर बाईक घेऊ का?"

माझं मत: विकू नका. खडीचा रस्ता, मुरमाची जंगलवाट, घोटाभर पाण्याचा ओढा, एवढंच करायचं असेल तर आहे ती बाईक पुरते. बदल मोजके करायचे, पण क्रमाने. आधी टायर, मग इंजिनाच्या पोटाखालचं कवच, मग हँडलबार आणि लिव्हरची मांडणी, शेवटी पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक). शॉकअपला हात लावू नका.

हे मी ठामपणे सांगतोय कारण मी नेमका उलटा गेलो होतो. पहिल्याच झटक्यात मागे लांब शॉकअप टाकून मागची बाजू इंचभर उचलली. दिसायला बाईक झकास झाली. पण मागून इंचभर उचललं की स्टिअरिंगचा कोन साधारण एका अंशाने उभा होतो, ट्रेल (पुढचं चाक सरळ ठेवणारं स्टिअरिंगच्या भूमितीतलं अंतर) कमी होतो, आणि मोकळ्या खडीवर पुढचं चाक सरळ राहायचं नावच घेत नाही. त्यात साइड स्टँड आखूड पडला. उतारावर उभी केलेली बाईक माझ्या डोळ्यांदेखत आडवी झाली, क्लचचा लिव्हर मुळातून तुटला. आणखी एक, जे उशिरा लक्षात आलं: चेन स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी पट्टीवर घासत होती. पट्टीत बोट जाईल एवढी खाच पडली होती.

टायर बदलले आणि जुना शॉकअप परत बसवला, तेव्हा कुठे बाईक माझं ऐकायला लागली.

दहा-बाराचा पाना

अनुभव खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. तुम्ही फक्त मागची बाजू उचललीत, पुढची तशीच ठेवलीत. मग भूमिती बिघडणारच. त्यात शॉकअपचा काय दोष? उंची वाढवणं आणि सस्पेन्शन सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रस्त्यावरच्या बाईकच्या फोर्कचा (पुढच्या शॉकअपचा) प्रवास, म्हणजे तो जास्तीत जास्त जेवढा दबतो ते अंतर, बहुतेकदा ११० ते १३५ मिलिमीटर असतो. स्वार आणि सामान चढलं की त्यातला साधारण तिसरा हिस्सा नुसता बसण्यात जायला हवा. त्याहून जास्त जात असेल तर खड्ड्यासाठी उरतं काय? एक साधी गोष्ट करून बघा. फोर्कच्या चकचकीत नळीला प्लास्टिकची बारीक पट्टी बांधा, सील जिथे आहे तिथवर खाली सरकवा, आणि नेहमीच्या कच्च्या रस्त्यावर पाच किलोमीटर जाऊन या. पट्टी फोर्कच्या प्रवासाच्या टोकापर्यंत गेलेली असेल तर तुमचा फोर्क दर खड्ड्याला आपटतोय. तो धक्का हेड बेअरिंगमध्ये जातो, रिममध्ये जातो. मागे तेच झालं तर सामानाच्या कॅरिअरचा जोड तडकतो. असे तडकलेले जोड मी वेल्डिंगला आलेले पाहिलेत, आणि प्रत्येक वेळी मालक म्हणतो, "कॅरिअर हलकं होतं."

आपल्या वजनाला जुळणाऱ्या कडक स्प्रिंगा आणि योग्य पातळीचं ताजं फोर्क ऑइल, एवढ्याने उंची मिलिमीटरभरही न वाढवता बाईक बदलते. माझ्या क्रमात हे टायरच्या बरोबरीने येतं.

एकवीस इंची

दोघंही एका गोष्टीकडे काणाडोळा करताय: पुढचं १७ इंची चाक. मोठं चाक दगडावर चढतं, लहान चाक त्याच्यावर आदळतं. हे टायर बदलून सुटत नाही. २०१६ च्या रॉयल एनफिल्ड हिमालयनचे आकडे बघा: पुढे २१ इंची चाक, पुढे २०० आणि मागे १८० मिलिमीटर सस्पेन्शनचा प्रवास, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंची. यातलं काय तुम्ही टायर आणि पत्रा लावून मिळवणार आहात? होंडाची सीबी५००एक्स २०१३ मध्ये पुढच्या १७ इंची चाकानिशी आली, आणि २०१९ ला कंपनीने स्वतःच ते १९ इंची केलं. उगाच नाही केलं.

टायर, कवच, हँडगार्ड (हात आणि लिव्हर वाचवणारं कवच), रायझर (हँडल उंच करणारा ठोकळा), स्प्रिंगा, सगळं मिळून जो खर्च होतो तो जुनी बाईक विकून आलेल्या पैशांत घाला. त्या कामासाठी बनलेली जुनी बाईक मिळेल. मी तेच केलं आणि मला एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

मातीवाट

@एकवीस इंची, मोठ्या चाकाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण कशासाठी, ते बघा ना. गुडघाभर गोट्यांच्या ओढ्यातून जायचं असेल तर तुमचंच बरोबर. मी 'हलक्या' वाटेबद्दल बोलतोय, आणि भटकंतीत त्या वाटेपर्यंत पोहोचायला डांबरावर तीनशे किलोमीटर जावं लागतं. शिवाय रस्त्याच्या बाईकवरून मातीत जाण्याची परंपरा जुनी आहे. साठच्या दशकात अमेरिकेतले लोक ट्रायम्फच्या रस्त्यावरच्या दोन सिलिंडरच्या बाईक वाळवंटात पळवायचे, त्यांना 'डेझर्ट स्लेड' म्हणत. बीएमडब्ल्यूची १९८० ची आर८०जी/एस तरी काय होती? रस्त्यावरच्या बॉक्सर (दोन बाजूंना आडव्या सिलिंडरच्या) इंजिनावरच उभी राहिलेली. तिच्याच घराण्यातल्या बाईकवर ह्युबेर ओरिओलने १९८१ ची पॅरिस-डकार रॅली जिंकली.

एकवीस इंची

जी/एसचं उदाहरण माझ्या बाजूने जातं. इंजिन रस्त्याचं घेतलं, पण पुढे २१ इंची चाक आणि २०० मिलिमीटर प्रवासाचा फोर्क लावला. म्हणजे इंजिन चालतं, खालचा सांगाडा बदलावा लागतो.

दहा-बाराचा पाना

हे बरोबर आहे. इंजिन कधीच अडचण नव्हतं.

उभा स्वार

तुम्ही सगळे बाईकबद्दल बोलताय, स्वाराबद्दल कुणीच नाही. रस्त्यावरच्या बाईकवर कच्च्यात जाणाऱ्या दहातले आठ जण बसून चालवतात. पेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहा, गुडघ्यांनी टाकी धरा, कोपरं बाहेर काढा, मग तोच १२० मिलिमीटरचा फोर्क पुरेसा वाटतो, कारण तुमचे पाय हाच तिसरा शॉकअप होतो.

पण उभं राहता यावं म्हणून बाईक मात्र तयार करावी लागते, आणि हा धागा सुरू करणाऱ्या मातीवाटने ते एका शब्दात उरकलंय. पेगवरचं रबर काढा, चिखलात ते साबणासारखं होतं. रुंद दातेरी पेग मिळाले तर उत्तम. मागच्या ब्रेकचं पॅडल आणि गिअरचा लिव्हर उभ्याने बूट टेकेल अशा उंचीला लावा. हँडलबार दोन-तीन सेंटिमीटर वर घेतलात तर लगेच हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून क्लचची केबल, थ्रॉटलच्या केबली आणि ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, ते बघा. हँडल पूर्ण वळवल्यावर इंजिनाचे फेरे आपोआप वाढले तर केबल आखूड पडतेय. तशी बाईक चालवू नका.

ओढ्यापल्याड

टायरच्या हवेबद्दल कुणीच बोललं नाही, आणि तिथेच लोक फसतात. "मातीत हवा कमी करा" हे ऐकून मी एकदा १६ पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं माप) उतरवली. अलॉय चाक, ट्यूबलेस टायर. पहिल्याच टोकदार दगडाला रिमच्या कडेला पोचा आला आणि हवा फुसकन गेली. ट्यूबलेसचं पंक्चर काढायचं सगळं सामान जवळ होतं, पण वाकलेल्या रिमला पंक्चरची दोरी काय करणार? बुटाची टाच आणि दगड वापरून कड कशीबशी सरळ केली आणि दर वीस मिनिटांनी पंप मारत डांबर गाठलं.

आता सामानासकट २४-२५ च्या खाली जात नाही. ट्यूबच्या टायरलाही हेच, नाहीतर रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. डांबर लागलं की हवा परत भरायची, त्यासाठी पंप बरोबर हवाच.

एबीएसबद्दलही (ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) सांगतो. मोकळ्या खडीवर मागचं एबीएस बंद करण्याची सोय नसेल तर उतारावर थांबायचं अंतर वाढतं, कारण चाक अडकून स्वतःपुढे खडीचा ढीग करतं तेच एबीएस होऊ देत नाही. म्हणून काही जण फ्यूज काढतात.

दहा-बाराचा पाना

फ्यूज काढण्याला माझा कडक विरोध आहे. पुढचंही एबीएस जातं, आणि डांबरावर परत आल्यावर फ्यूज खिशातच राहतो. वेग कमी ठेवा, उतारावर पहिला-दुसरा गिअर आणि इंजिन ब्रेकिंग वापरा. इथेच लहान स्प्रॉकेटचा खरा फायदा दिसतो. पुढे १४ ऐवजी १३ दात घेतले की त्याच वेगाला इंजिन साडेसात टक्क्यांहून थोडं जास्त फिरतं, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये क्लच न दाबता आणखी सावकाश उतरता येतं. फक्त वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर स्पीडोमीटर तेवढाच जास्त वेग दाखवेल.

आणि कवचाबद्दल: ते फ्रेमला बांधा, इंजिनाच्या केसला नाही. केसच्या बोल्टवर टांगलेलं कवच दगडाचा सगळा मार केसलाच देतं. बऱ्याच रस्त्यावरच्या बाईकना ऑइल फिल्टर आणि बेंड पाइप (इंजिनातून निघणारा धुराचा पाइप) अगदी पुढे असतात, कवच तिथपर्यंत वर आलं पाहिजे. तळाला चिखल निघायला भोकं हवीत.

मातीवाट

पाना, तुमचं ऐकून काल फोर्कला पट्टी बांधली. नेहमीच्या मुरमाच्या रस्त्यावर, रिकाम्या बाईकने, टोकापासून बोटभर अंतर राहिलं. मग मागे पंधरा किलोच्या मऊ बॅगा बांधून गेलो. मागची बाजू दोनदा आपटली, ते मला आत्तापर्यंत खड्ड्याचा आवाज वाटत होता. तेव्हा 'शॉकअपला हात लावू नका' हे माझं वाक्य मागे घेतो. उंची वाढवू नका, एवढंच म्हणतो. स्प्रिंग वजनाप्रमाणे हवी.

चाकाबद्दल मात्र माझं मत कायम आहे. बाईक विकत नाही.

एकवीस इंची

ठीक. मग निदान पुढचा मडगार्ड वर घ्या. दातेरी टायर आणि चिकण माती एकत्र आली की खालच्या मडगार्डमध्ये माती भरून चाक जागच्या जागी थांबतं. तेही नेमकं वळणावर.

उभा स्वार

आणि हँडगार्ड लावेपर्यंत एवढं करा: लिव्हरच्या क्लॅम्पखाली नळाच्या आट्यांना लावतात ती पांढरी टेप दोन वेढे गुंडाळा आणि बोल्ट बेताचाच आवळा. हाताने जोर लावल्यावर क्लॅम्प फिरला पाहिजे. बाईक पडली की लिव्हर तुटण्याऐवजी फिरतो. फिरलेला परत जागेवर आणायला एक हात पुरतो.