जुन्या सायकलला घरी मोटार बसवावी का?

मूळ मांडणी
जिन्याखाली धूळ खात पडलेली पोलादी सायकल भंगारात देण्याऐवजी तिला घरच्या घरी विजेची मोटार बसवावी, असे माझे ठाम मत आहे. 250 वॅटची हब मोटार (चाकाच्या मध्यभागीच बसवलेली मोटार) असलेले चाक, कंट्रोलर (मोटारीला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग), 36 व्होल्टची बॅटरी आणि ब्रेक दाबताच मोटार बंद करणारा खटका हे मुख्य सामान लागते. बॅटरी 10 अँपिअर-तासांची असेल तर तिच्यात 360 वॅट-तास ऊर्जा मावते आणि सोबत पायडल मारत राहिल्यास तेवढ्यात साधारण 25 ते 35 किलोमीटर जाता येते. गुडघे दुखतात म्हणून ज्यांची सायकल सुटली, त्यांना ती परत मिळते. मला याचे मोल फार वाटते.

प्रतिसाद १
मी याच्या विरोधात आहे. जुनी सायकल माणसाच्या पायांच्या बळाचा विचार करून घडवलेली असते. ताशी 15 किलोमीटरऐवजी 25 किलोमीटर वेगाने गेल्यास थांबवायची ऊर्जा सुमारे पावणेतीन पट होते, आणि जुन्या सायकलींचे दांड्यांचे ब्रेक पोलादी रिमवर पावसात आधीच नीट धरत नाहीत. शिवाय चाकातली मोटार फिरते तेव्हा तिचा आस उलट्या दिशेने पीळ देतो. चिमट्याची (चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दांड्यांची) खाच त्या पिळाने रुंदावली, तर आस खाचेतच गरकन फिरतो, वायर तुटतात आणि चाक निसटू शकते. पुढचे चाक निसटल्यावर स्वाराला सावरायला वेळच मिळत नाही.

प्रतिसाद २
वरील दोन्ही आक्षेप खरे आहेत, मात्र त्यांवर उपाय आहेत. आसाचा पीळ फ्रेमवर घेणारी टॉर्क आर्म बसवावी, चिमटा ॲल्युमिनियमचा असल्यास पुढे मोटार लावूच नये (पोलाद बहुधा आधी वाकते, ॲल्युमिनियम मात्र अचानक तडकते) आणि मोटारीला हात लावण्यापूर्वी ब्रेक बदलावेत. माझा खरा विरोध घरी बांधलेल्या बॅटरीला आहे. लॅपटॉपमधून काढलेले जुने लिथियम सेल जोडून बॅटरी करणारे पुष्कळ जण आहेत. 36 व्होल्टसाठी 10 सेल एकामागे एक जोडतात. त्यांपैकी एक जरी दुबळा निघाला, तरी तो इतरांच्या आधी भरतो आणि आधी रिकामा होतो. बॅटरी पूर्ण भरल्यावर एकूण 42 व्होल्ट दिसले म्हणून प्रत्येक सेल 4.2 व्होल्टवरच, म्हणजे त्याच्या भरण्याच्या मर्यादेवरच, थांबला असे होत नाही. प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारे सर्किट नसेल, तर जास्त भरलेला सेल तापून पेट घेऊ शकतो आणि शेजारचे सेलही पेटवतो. अशी बॅटरी बहुतेक जण रात्री घरात, दाराजवळच चार्जिंगला लावतात, म्हणजे आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

प्रतिसाद १
टॉर्क आर्मचे मान्य. परंतु गंज चढलेल्या फ्रेमच्या जोडात आतून चीर आहे की नाही, हे घरी कोण तपासणार? रंगाखालची चीर अनुभवी कारागिरालाही सहज दिसत नाही.

मूळ मांडणी करणाऱ्याचे उत्तर
बॅटरीबाबत मी माझे मत बदलतो. ती तयार, संरक्षक सर्किटसह आणि तिच्याच चार्जरसोबत घ्यावी. मोटार आणि वायरिंग तेवढे घरी करावे. फ्रेमबाबत मात्र मी माघार घेत नाही. जोडांवरचा रंग खरवडून पाहावा, शंका आली तर ती सायकल सोडून द्यावी, आणि वेग 20 किलोमीटरच्या वर जाणार नाही असा कंट्रोलर निवडावा.