टेबल सॉवर पाते थांबवणारी यंत्रणा सक्तीची असावी का?

पटाशी: अमेरिकेत टेबल सॉमुळे, म्हणजे टेबलातून वर आलेल्या फिरत्या पात्याने लाकूड कापणाऱ्या यंत्रामुळे, रोज साधारण 10 जणांची बोटे तुटतात, असा तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे. उपाय मात्र 1999 सालीच सापडला आहे. भौतिकशास्त्र शिकलेले पेटंट वकील स्टीफन गॅस यांच्या सॉस्टॉप यंत्रणेत पात्यावर सतत क्षीण विद्युत संकेत खेळवलेला असतो. कोरड्या लाकडाने त्यात फारसा फरक पडत नाही, पण त्वचा टेकताच तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसून सुमारे 5 मिलिसेकंदांत पाते थांबवतो. त्याच झटक्याने पाते टेबलाखाली जाते आणि बोटावर बहुधा ओरखड्यावरच निभावते. तरीही सक्तीसाठी 2003 साली केलेला अर्ज वीस वर्षांनंतरही चर्चेतच होता, हे मला अक्षम्य वाटते.

सागवान: तो अर्ज कोणी केला, हेही सांगायला हवे होते. मोठ्या उत्पादकांनी परवाना घेतला नाही, तेव्हा गॅस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच तो केला. ज्याच्या हाती पेटंटे, त्यानेच सरकारकडे सक्ती मागावी, यात मला लोककल्याण कमी आणि व्यापार अधिक दिसतो. बॉशच्या रीॲक्स सॉमध्येही पाते खाली जात असे आणि शिवाय ते खराबही होत नसे. पण पेटंटभंगाच्या दाव्यामुळे 2017 साली अमेरिकेत त्याची आयात रोखली गेली. बोटे वाचवणारे दुसरे यंत्र बाजारातून गेले, तेही बोटे वाचवणाऱ्यांच्याच दाव्यामुळे!

भुसा: माझा आक्षेप पेटंटाला नसून या यंत्रणेवरच सारी भिस्त ठेवण्याला आहे. फळी चिरताना ती पात्यामागे आवळली जाऊन वेगाने उलट अंगावर येते, त्या धोक्यावर ब्रेकचा इलाज चालत नाही. तेथे पात्यामागची रायव्हिंग नाइफ, म्हणजे चिरलेली फट मिटू न देणारी पट्टीच, कामाची. ओल्या लाकडाने ब्रेक विनाकारण सुटू शकतो, मग ब्रेकचा ठोकळा असलेले कार्ट्रिज आणि बहुधा पातेही बदलावे लागते. त्यासाठी यंत्रणा तात्पुरती बंद करण्याची सोय दिलेली आहे, आणि गार्ड, म्हणजे पात्यावरचे संरक्षक आवरण, काढून फेकणारा कारागीर ती सोय कायमची वापरणार नाही, याची खात्री कोण देणार?

पटाशी: उलटून येणाऱ्या फळीबरोबर हात पात्याकडे ओढला जातो, तेव्हा हाच ब्रेक उपयोगी पडतो, त्यामुळे एक असले की दुसरे नको, असे होत नाही. गार्डबाबत आपण म्हणता ते खरे आहे, पण गार्ड अडचणीचा वाटतो म्हणून काढला जातो, तर हा ब्रेक एरवी कामात आडवाच येत नाही. विजेची गळती होताच प्रवाह तोडणारी घरातली ईएलसीबी अधूनमधून उगाच पडते, म्हणून आपण ती काढून टाकतो का? पेटंटाच्या प्रश्नावर मात्र मी सागवान यांच्याशी बराचसा सहमत आहे. तरी 2024 साली सॉस्टॉपने एक महत्त्वाचे पेटंट जनतेसाठी खुले करण्याची तयारी दाखवली, हे नोंदवायला हवे.

सागवान: तयारी दाखवली, पण नियम लागू झाला तरच, अशा अटीवर. शिवाय काही शे डॉलरांचा साधा सॉ सक्तीमुळे महागला, तर हौशी माणूस काम थोडेच थांबवणार आहे? तो जुना, गार्ड हरवलेला सॉ कुणाच्या तरी गॅरेजमधून स्वस्तात उचलेल. आपण ज्याची बोटे वाचवायला निघालो आहोत, तोच माणूस नियमाच्या बाहेर राहील.