अलंग-मदन-कुलंग: रोप (दोर) वापरता येत नसेल तर जमेल का?

भटका_ठाणेकर: डिसेंबरात एएमके (अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले) करायचा विचार चाललाय, आम्ही चौघं, कळसूबाई-हरिश्चंद्रगड वगैरे झालेत पण रोपचा अनुभव शून्य. गावातून वाटाड्या घेतला तर पुरेल का?

कातळवेडी: वाटाड्या वाट दाखवेल रे, पण अलंग आणि मदनच्या कातळटप्प्यांना रोप, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा) आणि बिले देणारा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणारा जाणता माणूस हवाच, खाली दरी आहे आणि उतरताना रॅपलिंग करावं लागतं, म्हणजे दोराने कातळ उतरावा लागतो. एखाद्या क्लबबरोबर जा.

घोटीकर: नुसता कुलंग करा की! आंबेवाडीतून सरळ वाट, रोप लागत नाही, पण चढ असला दमवतो ना की बोलायची सोय नाही, शेवटी कातळात खोदलेल्या पायऱ्या. वर टाक्यांची रांगच आहे, पाणी गाळून उकळून घ्या. आणि मधमाश्या असतात या भागात, परफ्यूम, धूर अजिबात नको.

भटका_ठाणेकर: मग कुलंगच. पोचायचं कसं?

घोटीकर: कसाऱ्याहून जीप ठरवा, थेट आंबेवाडी. अभयारण्य आहे, वाळक्या गवतात चूल पेटवू नका, स्टोव्ह न्या. जेवणाचं आधी गावात सांगून ठेवलं तर भाकरी-पिठलं मिळतं, मस्त!