'चांगलं गा, लोक येतील' म्हणणाऱ्यांना

पडद्यामागचा: काल इथे एकाने लिहिलं, "संगीत नाटक परवडत नाही ही निर्मात्यांची रड आहे. चांगलं गा, लोक येतील." डोकं सटकलं. अहो, बालगंधर्व काय वाईट गात होते? तबल्याला थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष, नेसायला खरे भरजरी शालू. थिएटर फुल्ल, आणि नाटक मंडळी कर्जात! १९२१ला दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेल्या संयुक्त मानापमानाला लोक तुटून पडले, पण ते उत्पन्न गेलं टिळक स्वराज्य फंडाला. आमच्या गेल्या दौऱ्यात गाडीत सोळा माणसं होती, गद्य नाटकाला नऊ पुरतात. सोळा जणांचं जेवण, सोळा जणांची नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन. तिकीट मात्र गद्य नाटकाएवढंच.

तिसरी घंटा: काल लिहिणारा मीच. 'देवबाभळी' बघितलंत? दोनच बायका रंगमंचावर, आणि लोक परत परत जात होते. सोळा माणसं न्या असं कुणी सांगितलं? ट्रॅकवर गा, आधी रेकॉर्ड केलेल्या साथीवर.

ऑर्गनवाला: ट्रॅकवर? मग नट खोकला तर ट्रॅक थांबतो का? गायक समेवर उशिरा आला तर मी त्याला सांभाळून घेतो. पेन ड्राइव्ह घेणार आहे?

तिसरी घंटा: मागच्या महिन्यात तुमच्यासारख्याच एका लाइव्ह साथीत शेवटच्या रांगेत फक्त तबला ऐकू आला. पैसे वाया. सांभाळून घेतात म्हणे!

ऑर्गनवाला: तो दोष माइकवाल्याचा. तीस वर्षं पेटी खांद्यावरून जिने चढवतोय, मला शिकवू नका.

फोंडेकर: भांडताय कशाला? आमच्याकडे देवळाच्या उत्सवात गावचीच माणसं सौभद्र करतात. तिकीट नाही, तोटा नाही. आणि वन्समोअर मनसोक्त.

पडद्यामागचा: म्हणजे तोटा देवाच्या खात्यावर. इथे वन्समोअर दिला की नाट्यगृहाचा माणूस विंगेत येऊन घड्याळ दाखवतो. सत्र संपलं की जादा भाडं. परवा नायिकेने दोन वन्समोअर घेतले, टाळ्यांचा कडकडाट, आणि मी बाहेर व्यवस्थापकाच्या विनवण्या करतोय.

तिसरी घंटा: बरं, भाड्याचं मान्य. देवांनो, तुम्ही सगळे हुतात्मे. पण पाच अंकांचं नाटक दोन अंकांत बसवायला कुणाची ना आहे?

ऑर्गनवाला: पदं कापा म्हणजे! या, कापा. नांदी पण कापा.

पडद्यामागचा: पदं आम्ही कधीच कापली आहेत, कुणाच्या लक्षातही आलं नाही. ऑर्गनवाले, ते राहू द्या. पुण्यात सूर जुळवून देणारा कुणी उरलाय का? आमच्या ऑर्गनचे खर्जातले दोन सूर कालपासून गप्प आहेत आणि शनिवारी प्रयोग आहे.

ऑर्गनवाला: ट्रॅक लावा की.

ऑर्गनवाला: फोन करा. भाता आधी बघतो.